जूनच्या सुरुवातीला लेक अलोहाकाठी एकटीने एक रात्र

मी सह्याद्रीत वाढले. पावसाळ्यात फुगलेला ओढा लांबूनच ओळखता येतो, बर्फ ओळखायला मात्र कॅलिफोर्नियात आल्यावर शिकले. टाहो सरोवराच्या नैऋत्येला, डेसोलेशन विल्डरनेस या संरक्षित रानात, साधारण 2,470 मीटरवर लेक अलोहा आहे. वाट जिथून सुरू होते त्या एको लेक्स तळ्यांपासून सुमारे 10 किलोमीटर चाल.

मुक्कामाचा परवाना लागतो. अन्नासाठी कडक कवचाचा अस्वलरोधक डबा सक्तीचा, टूथपेस्टही त्यातच ठेवायची. शेकोटीला बंदी, म्हणून गॅसचा स्टोव्ह.

सकाळी सहाला चालायला लागा. रात्री गोठलेल्या बर्फावर मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे धातूचे दाते) घातले की पाऊल घट्ट बसतं. पहिल्या वर्षी मी अकराला निघाले. तोवर बर्फ ओल्या साखरेसारखा झाला होता आणि एका मोठ्या धोंड्याशेजारी पाय मांडीपर्यंत आत गेला. धोंडा उन्हाने तापतो, कडेचा बर्फ आतून वितळतो, वर नुसती पापडी उरते. नडगी आपटली, पाय सोडवायला दहा मिनिटं गेली, हाक मारायला कोणी नव्हतं. आता धोंडे आणि झाडांचे बुंधे लांबूनच टाळते, शंका आली की आधी काठी खुपसून बघते.

ओढे संध्याकाळी सर्वांत जोरात असतात, कारण दिवसभर वितळलेलं पाणी तेव्हा खाली पोचतं. धीर होत नसेल तर ओढ्याच्या अलीकडच्या काठावरच मुक्काम करा आणि पहाटे पाणी उतरल्यावर ओलांडा. पाण्यात उतरताना सॅकचा कमरपट्टा सोडलेला हवा. खालून खळखळ ऐकू येत असेल त्या बर्फावर पाय ठेवू नका.

वर पायवाट बर्फाखाली गडप होते. फोनमध्ये नकाशा उतरवलेला हवा, सोबत कागदी नकाशा आणि सॅटेलाइट मेसेंजर, म्हणजे रेंज नसतानाही उपग्रहामार्फत मेसेज पाठवणारं छोटं यंत्र. बहिणीला मी सांगून ठेवते, "उद्या दोनपर्यंत मेसेज आला नाही तर शेरीफला फोन कर." शेरीफ म्हणजे तिथले पोलीस. वाट सापडेना झाली की मागे फिरते, तळं कुठे पळून जात नाही.

तंबू बर्फातून वर आलेल्या कोरड्या कातळावर, पाण्यापासून 30 मीटर तरी लांब. खुंट्या रुतत नाहीत, दोऱ्या दगडांना बांधा. समोर अर्धं गोठलेलं तळं, मागे पिरॅमिड पीक, आणि डासांचा अजून पत्ता नाही! याच शांततेसाठी मी जूनची वाट बघते. गरम वरण-भात खाऊन झोपताना पाण्याचा फिल्टर स्लीपिंग बॅगमध्ये घ्या. एकदा गोठला की त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही.