वांग्याचा एक शेंडा वाकलेला दिसला तरी आजच कापा

गोराई-मनोरीकडे आणि आरेच्या पाड्यांवर ज्यांनी वांगी लावलीयत त्यांनी बाकी कामं बाजूला ठेवा, आधी वाफ्यांतून चक्कर मारा. पाऊस गेला, ऑक्टोबरचं ऊन आणि घामट हवा, शेंडा-फळ पोखरणाऱ्या अळीला असंच लागतं.

दरवर्षी तेच बघतोय. एखाद्या झाडाचा एकच शेंडा मान टाकतो आणि लोक म्हणतात उन्हानं असेल, पाणी सोडा. अहो, पाणी कमी पडलं तर अख्खं झाड मलूल होतं आणि संध्याकाळी परत ताठ होतं, पण फक्त शेंडा लोंबतोय आणि सकाळीही तसाच असेल तर आत अळी आहे, चिरून बघा. ती पुढे पाचोळ्यात कोष करते, पतंग निघतो, एक मादी अडीचशेपर्यंत अंडी घालते, हे सगळं साधारण महिनाभरात. तोवर फळं धरलेली असतात, नवीन अळ्या सरळ फळात शिरतात आणि एकदा आत गेली की कुठलाच स्प्रे तिच्यापर्यंत पोचत नाही. मग दादरच्या मार्केटात किडकी वांगी कोण घेणार?

सुकलेल्या भागाच्या बोटभर खालून कापा. आणि बांधावर फेकू नका!! अळी बाहेर येऊन तिथेच कोष करते, पिशवीत भरून जाळा नाहीतर साबणाच्या पाण्यात बुडवा. आठवड्यातून दोनदा तरी.

कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढून पकडणारे) एकरी ५, त्यात ल्युसी ल्युर हे या अळीच्या पतंगाचं वासाचं आमिष. निंबोळी अर्क ५ टक्के. तरीही अळी वाढली तरच इमामेक्टिन बेन्झोएट ५ टक्के एसजी (पाण्यात विरघळणारं दाणेदार कीटकनाशक), १० लिटर पाण्याला ४ ग्रॅम, नंतर ३ दिवस तोडणी नाही. दुकानदार तीन बाटल्या एकत्र करून देतो ते घेऊ नका, सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं सारखी मारली की पांढरी माशी आणि कोळी (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) वाढतात आणि त्यांच्यासाठी परत तोच नवीन बाटली विकतो.

माझा अंदाज, अळी आधी कुंपणाकडच्या ओळीत दिसते, तिथून बघायला सुरुवात करा.

बाकी नेहमीचं: खुरपणी, मातीची भर, पाणी सकाळी, किडकी फळं तोडून नष्ट.

मागच्या हंगामाची वांग्याची काटकं चुलीसाठी रचून ठेवली असतील तर ती आधी जाळून संपवा, पतंग त्यातूनही निघतात.