बॉडी वेट सपोर्टवर रुग्ण चालवताना या चुका टाळा

बॉडी वेट सपोर्ट म्हणजे रुग्णाला हार्नेसने (अंगाला आवळायच्या पट्ट्यांनी) वरून टांगून, त्याच्या वजनाचा काही भाग उचलून ट्रेडमिलवर चालवणं. रुग्ण ६० किलोचा आणि पडद्यावर आधार ३५ किलो दिसत असेल, तर तो चालत नाही, लटकतोय. सुरुवात वजनाच्या ३० ते ४० टक्क्यांनी करावी, म्हणजे इथे १८ ते २४ किलो. निम्म्याच्या वर गेलं की टाच नीट टेकत नाही, रुग्ण चवड्यांवर तरंगतो आणि मांडी-पोटरीला कामच उरत नाही. बघणाऱ्याला मात्र पावलं झकास पडताना दिसतात. घरचे खूश होतात आणि महिन्याभराने जमिनीवर उभं केलं की गुडघा पहिल्यासारखाच मोडतो.

किती आधार द्यायचा हे गुडघ्याकडे बघून ठरवा. वारं गेलेल्या पायावर भार आल्यावर गुडघा १५ अंशांहून जास्त वाकू नये आणि धड सरळ राहावं, एवढाच आधार पुरे. दोन-तीन मिनिटं सलग जमलं की ५ टक्के कमी करा. गुडघा मोडला तर परत वाढवा, पण पाऊल घासतंय म्हणून वाढवू नका. बोटं घासतात ती बहुतेक वेळा घोटा वर उचलला जात नाही म्हणून. त्याला एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारा साचा) किंवा इलॅस्टिक पट्टी लागते. आधार वाढवल्याने घासणं नुसतं झाकलं जातं.

आकडाही फसवतो. रुग्णाला अडकवण्याआधी, हार्नेस हुकाला मोकळा लटकत असताना लोड सेल (वजन मोजणारा भाग) शून्यावर आणा. रुग्ण बारवर रेलला असेल तर हातांवर गेलेलं वजन पडद्यावर येतच नाही. १८ किलो दिसतात आणि आणखी आठ-दहा किलो मनगटांवर असतात. म्हणून बारवर फक्त बोटांची टोकं ठेवू द्या, जमेल तेव्हा बार सोडून हात झुलू द्या.

जिल्ह्याच्या ठिकाणी बरेचदा फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतलेली चौकट आणि चेन पुली असते. त्यात दोरीची लांबी पक्की असते. चालताना शरीर दर पावलाला चार-पाच सेंटिमीटर वरखाली होतं, त्यामुळे एका पायावर उभं असताना दोरी ढिली पडते आणि दोन्ही पाय टेकलेले असताना ताणते. अशा यंत्रावर एका क्षणाचा आकडा धरू नका, आठ-दहा पावलांची सरासरी बघा. दोरीत स्प्रिंग किंवा प्रतिभार असला की हा हिसका बराच कमी होतो. दोरी सरळ डोक्यावर हवी. रुग्ण ट्रेडमिलच्या पट्ट्यावर मागे सरकला की ती तिरकी होऊन त्याला पुढे ओढते.

हार्नेस घसरण्याचं आपल्याकडचं मोठं कारण कपडे. नऊवारीच्या किंवा धोतराच्या घड्या जांघेतल्या पट्ट्याखाली गेल्या की आधी घट्ट वाटतं, दहा मिनिटांत सगळं ढिलं होतं. सेंटरवर दोन-चार मापांच्या ट्रॅक पँट ठेवाव्यात, आजींनाही चालतात. कमरेचा पट्टा आधी, कटीच्या हाडांवर बसवून आवळा, मग छातीचा, मग जांघेतले. उभं केल्यावर परत एकदा आवळा. हार्नेस काखेत चढत असेल तर दोष कमरेच्या पट्ट्यात आहे, छातीचा आवळू नका. मणक्याच्या दुखापतीत संवेदना कमी असते किंवा नसते, म्हणून प्रत्येक सत्रानंतर जांघ आणि कटीची त्वचा बघाच. कॅथेटरची पिशवी आधी रिकामी करा आणि नळी पट्ट्याखाली दबू देऊ नका. दुखापत सहाव्या छातीच्या मणक्याला किंवा त्याच्या वर असेल आणि अचानक डोकं ठणकून घाम फुटला, बीपी चढलं, तर लगेच खाली उतरवून बसवा, पट्टे सोडा, नळी तपासा. तरी बीपी उतरत नसेल तर डॉक्टरांना बोलवा, ही तातडीची अवस्था आहे.

पाय ओढायला नातेवाइकांना बसवलं की ते घोटा धरून पाऊल उचलतात. त्यापेक्षा मदतनिसाने बाजूला ठेंगण्या स्टुलावर बसावं. पाय टेकलेला असताना गुडघ्याच्या वाटीखालच्या कंडरेवर दाब द्यावा, उचलताना गुडघ्यामागच्या आतल्या कंडरेवर. पाय मागे पूर्ण जाऊ द्या, मांडी मागे ताणली गेली की पुढचं पाऊल सोपं पडतं.

वेग आणि आधार एकाच दिवशी बदलू नका, काय बिघडलं ते कळत नाही. ताशी एक किलोमीटरवर महिनोन्‌महिने अडकून राहू नका. बाजारहाटासाठी ताशी तीनच्या आसपास वेग लागतो.

लाइट गेली की ट्रेडमिल हिसक्याने थांबतो आणि रुग्णाला उचलणारा विजेचा हॉइस्ट वरच अडकतो. हाताने खाली कसं घ्यायचं हे सेंटरवरच्या प्रत्येकाला यायला हवं. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार असतो, तेव्हा सत्रं सकाळी घ्या. उभं केल्यावर तीन मिनिटांत वरचं बीपी २० ने उतरलं तर त्या दिवशी चालवू नका.

शेवटची १०-१५ मिनिटं जमिनीवर चालवणं कधीच गाळू नका. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या लीप्स या अमेरिकी चाचणीत पक्षाघाताचे ४०८ रुग्ण होते. वर्षभरानंतर हार्नेस-ट्रेडमिलची पद्धत फिजिओथेरपिस्टने घरी करून घेतलेल्या व्यायामापेक्षा सरस ठरली नाही. ज्यांना आठवड्यातून एकदाच एसटीने येता येतं, त्यांना यंत्रापायी कर्ज काढायला लावू नका. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं, भिंतीच्या आधाराने ओसरीत फेऱ्या, उंबरा ओलांडणं, हे लिहून द्या आणि ते घरच्यांसमोर एकदा करून घ्या.