लिंक्ड लिस्ट मोठी झाली की प्रोग्रॅम शेवटी कोसळतो : माझा अनुभव

रत्नागिरीतल्या मिरकरवाडा बंदरावरच्या मासळीच्या नोंदींसाठी सी++ मध्ये लिंक्ड लिस्ट (साखळीसारख्या जोडलेल्या नोंदी; प्रत्येक कडी म्हणजे एक नोड) लिहिली. प्रत्येक नोडमधला नेक्स्ट (पुढच्या नोडचा पत्ता) हा युनिक पॉइंटर, म्हणजे तो संपला की पुढचा नोड आपोआप मोकळा, डिलीट लिहायलाच नको. १०,००० नोंदींना ठीक, पण ५ लाखांना सगळं छापून झाल्यावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीच्या चुकीमुळे प्रोग्रॅम कोसळणं). स्टॅकची (चालू फंक्शन-कॉल साठवणाऱ्या मेमरीची) ८ एमबी मर्यादा वाढवली, शेअर्ड पॉइंटर (अनेक मालक चालणारा) वापरला, उपयोग शून्य. दोन रात्री गेल्या, जीव अगदी मेटाकुटीला आला.

डीबगरच्या बॅकट्रेसमध्ये (कोणी कोणाला बोलावलं त्या यादीत) एकच डिस्ट्रक्टर (वस्तू नष्ट होताना चालणारं फंक्शन) हजारो वेळा दिसला, तेव्हा उलगडलं. पहिला नोड मरताना दुसऱ्याला मारतो, तो तिसऱ्याला, आणि स्टॅक भरतो. मेमरीची गळती नव्हतीच.

उपाय असा. लिस्टला ‘रिकामी’ नावाचं फंक्शन द्या. त्यात, हेड (पहिल्या नोडचा पॉइंटर) रिकामा होईपर्यंत लूप. लूपमध्ये एकच ओळ: हेडच्या नेक्स्टला मूव्ह करून (मालकी हलवून) हेडमध्ये ठेवा. यात नेक्स्ट आधी सुटतो, मग जुना नोड एकटाच मरतो. हे फंक्शन लिस्टच्या डिस्ट्रक्टरमधून बोलवा. मूव्ह असाइनमेंटमध्येही (एका लिस्टची मालकी दुसरीत हलवताना), नवा हेड घेण्याआधी (स्वतःलाच असाइन होत नाही ना, हे तपासून), नाहीतर जुनी लिस्ट तिथे तशीच कोसळते. मी हे आधी विसरलो होतो.

आता ५ लाख नोंदी विनातक्रार सुटतात.