लसीकरणाचा सर्व्हे करताय? दवाखान्याच्या बाकावर बसू नका

पाळीव प्राण्यांच्या लसीकरणाबद्दल मालकांना काय माहीत आहे, काय वाटतं आणि ते प्रत्यक्षात काय करतात, हा विषय पुण्यात दरवर्षी कुणी ना कुणी प्रबंधाला घेतंच. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, कसा लिहायचा ते तुम्हाला ठाऊक आहे. ९५ टक्के विश्वासपातळी आणि ५ टक्के त्रुटी धरून किती मालकांना विचारायचं, तो ३८४ चा आकडाही काढून झाला असेल. हे ३८४ जण आणायचे कुठून, त्यावर मात्र नीट बोलायला हवं. माझं अख्खं सत्र त्यात गेलं आणि अजूनही आठवलं की पोटात गोळा येतो.

गाइड म्हणतात, "एखाद्या दवाखान्यात बस, आठवड्यात फॉर्म होतील." होतात. मालक नंबरची वाट बघत बसलेले असतात, आनंदाने उत्तरं देतात. माझेही भराभर जमले. रेबीज कसा होतो हे जवळजवळ सगळ्यांना माहीत, लसीही वेळेवर. गाइड खूश. मग संख्याशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, "जे दवाखान्याची पायरीच चढत नाहीत, ते यात कुठे आहेत?"

ते कुठेच नव्हते. दवाखान्यात येणारा मालक बहुतेक वेळा लस देणाराच असतो. तिथे तुम्ही पुण्यातले मालक मोजत नाही, त्या दवाखान्याचं गिऱ्हाईक मोजता. ३८४ ऐवजी पाच हजार फॉर्म भरले तरी हा दोष तसूभरही कमी होत नाही, उलट चुकीचं उत्तर जास्त ठाम दिसायला लागतं. गूगल फॉर्मची तीच गत. बाणेर-कोथरूडच्या सोसायट्यांच्या ग्रुपवर लिंक फिरते, पर्वतीच्या उतारावर कुत्रं पाळणाऱ्या घरापर्यंत ती पोचतच नाही. या विषयाला गूगल फॉर्म म्हणजे शुद्ध आळस, असं माझं स्पष्ट मत आहे.

दारोदार फिरा. प्रभागांची यादी घेऊन चिठ्ठ्या टाका आणि ठरावीक अंतराने घरं घ्या. तोंडावर दारं बंद होतील, पाय भरून येतील. पण जमतं, खरंच जमतं. रविवारी सकाळी लोक निवांत असतात, चहासुद्धा विचारतात. मात्र महापालिकेच्या श्वान परवान्याचा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. तो आधी विचारलात की तुम्ही पालिकेचे वाटता आणि पुढची सगळी उत्तरं सावध होतात.

"लस दिली का?" एवढ्यावर थांबू नका, कार्ड मागा. सहकारनगरात एका काकांनी "सगळी इंजेक्शनं झालीत" म्हणत कार्ड आणून दिलं. जंताच्या औषधाच्या तारखा ओळीने लिहिलेल्या. रेबीजच्या रकान्यात कुपीवरचं एकच स्टिकर, एक कोपरा सुटलेला, पुढच्या डोसची तारीख केव्हाच उलटलेली. काका खोटं बोलत नव्हते. पिल्लू तीन महिन्यांचं असताना दिलेली लस जन्मभर पुरते, असं ते मनापासून धरून चालले होते. म्हणून तोंडी उत्तर आणि कार्डावरची तारीख यांना दोन वेगळे रकाने द्या. तुमच्या प्रबंधाचा जीव त्या दोहोंतल्या फरकात आहे.

दृष्टिकोनाच्या प्रश्नांत लोक समोरच्याला बरं वाटावं म्हणून सगळ्यालाच 'सहमत' म्हणतात. थोडी विधानं उलटी घाला: 'देशी कुत्र्याला लस लागत नाही', 'घराबाहेर न जाणाऱ्या मांजराला लसीची गरज नाही'. ही वाक्यं लोकांच्याच तोंडून ऐकून घ्या, दुसऱ्याची प्रश्नावली उचलू नका. त्यासाठी दवाखान्यातल्या कंपाउंडरशी बोला. कुठल्याही गाइडपेक्षा त्याला जास्त माहीत असतं.

विषय प्राण्यांचा म्हणून प्राणी नीतिसमितीकडे अर्ज घेऊन जाऊ नका. उत्तरं माणसं देणार, तेव्हा परवानगी मानवी संशोधनाच्या नीतिसमितीची लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा आणि संमतीपत्र मराठीतच करा.

मुलाखत चालू असताना मालकाला काही शिकवायला जाऊ नका, पुढची उत्तरं बिघडतात. लसीची माहिती द्यायचीच, पण फॉर्म संपल्यावर. अपवाद एकच. घरात कुणाला नुकतंच कुत्रं चावलंय किंवा ओरखडलंय असं कळलं, तर पेन खाली ठेवा. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायला लावा आणि त्याच दिवशी इंजेक्शनसाठी सरकारी दवाखान्यात पाठवा. फॉर्म अर्धवट राहिला तर राहू द्या, पुढच्या गल्लीत दुसरं घर मिळेल.