पालकातलं फोलेट मोरीत जाऊ नये म्हणून

लूसी विल्स या डॉक्टर 1928 मध्ये इंग्लंडहून मुंबईत आल्या, त्या इथल्या गरोदर बायकांमधल्या ॲनिमियाचा छडा लावायला. यात कापड गिरण्यांत काम करणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. त्यांच्या रक्तात तांबड्या पेशी कमी होत्या आणि ज्या होत्या त्या फुगलेल्या. यीस्टचा काळा, चिकट अर्क म्हणजे मार्माइट द्यायला लागल्यावर रक्त सुधारलं. हे काम 1931 मध्ये छापून आलं. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा काढण्यात आला. लॅटिनमध्ये पानाला फोलियम म्हणतात, म्हणून त्याचं नाव फोलिक ॲसिड पडलं. अन्नात ते ज्या रूपात असतं, त्याला फोलेट म्हणतात. मार्माइटमधला गुण त्याचाच होता.

पेशी दुभंगायची तर आधी डीएनएची दुसरी प्रत तयार व्हावी लागते. त्यातला एक तुकडा बनवायला शरीराला फोलेट लागतं. ते कमी पडलं की पेशी वाढत राहते, पण दुभंगत नाही. गिरणीतल्या बायकांच्या फुगलेल्या पेशींचं कारण हेच.

आता स्वयंपाकघरात येऊ. फोलेट पाण्यात विरघळतं, फार वेळ शिजवल्यावर नासतं. यातलं पाणी जास्त नुकसान करतं. पालक भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं, तर निम्म्याच्या आसपास फोलेट मोरीत जातं. तोच पालक चार-पाच मिनिटं वाफवला तर फारसं काही जात नाही.

म्हणून जुडी आधी निवडा, अख्खी पानं दोन-तीन पाण्यांतून धुवा आणि मगच चिरा. चिरून धुतलं की प्रत्येक कापातून रस पाण्यात उतरतो. चिरायचं तेही जाडसर आणि फोडणी तयार असताना. सकाळची भाजी रात्रीच चिरून ठेवू नये. पानांना चिकटलेलं पाणीच पालकाला पुरतं. कढईवर झाकण ठेवा, आच मध्यम, तीन ते चार मिनिटं. पानं बसली आणि रंग अजून हिरवागार आहे, तिथे गॅस बंद. पालक-पनीरसाठी पानं वाफवून वाटा. उकळायचीच असतील तर पाणी बेताचं घ्या आणि उरलेल्या पाण्यात कणीक भिजवा किंवा ते आमटीत घाला. पराठ्यांना रंगही छान येतो. हिरवा रंग टिकावा म्हणून चिमूटभर सोडा घालायची सवय मात्र सोडाच. सोड्याने ब1 जीवनसत्त्व नासतं, भाजी लिबलिबीत होते ती वेगळीच.

कडधान्यांतही फोलेट चांगलं असतं आणि मोड आल्यावर ते वाढतं. एक वाटी हिरवे मूग तीन वाट्या पाण्यात आठ तास भिजवा, उपसून एकदा धुवा आणि चाळणीत किमान अर्धा तास निथळत ठेवा. मग ओलसर सुती फडक्यात सैल बांधा. उन्हाळ्यात 12 ते 16 तासांत, थंडीत साधारण 24 तासांत बोटाच्या पेराच्या अर्ध्याएवढे मोड येतात. मूग बुळबुळीत होऊन वास मारायला लागले, तर नीट निथळले नव्हते किंवा गाठोडं घट्ट बांधलं होतं. असे मूग धुऊन वापरू नका, टाकून द्या. मोड आलेल्या मुगाला कुकरच्या शिट्ट्या नकोत. झाकण ठेवून सात-आठ मिनिटांत उसळ होते. हरभरा, राजमा यांना कुकर लागतोच, मात्र पाणी बेताचं ठेवा आणि ते रश्श्यात जिरवा.

आता गोळीबद्दल. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यापासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती नळी, नीट मिटायला फोलेट लागतं. ती गर्भधारणेपासून साधारण 28 दिवसांत मिटते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत बराचसा वेळ निघून गेलेला असतो. त्यामुळे मूल हवं असलेल्या बाईने आधीपासूनच रोज 400 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड घ्यायचं असतं. इथे नुसत्या पालकावर विसंबू नये. आधीच्या बाळाला मज्जारज्जूचा दोष असेल किंवा फिट्सची औषधं चालू असतील तर मात्रा बरीच वेगळी असते. ती डॉक्टरच ठरवतील.

शाकाहारी घरांत एक घोळ नेहमी होतो. ब12 कमी पडलं तरी तांबड्या पेशी अशाच फुगतात. विल्स यांनी पुढे दाखवलं की यकृताचा शुद्ध केलेला अर्क, जो ब12 च्या अभावावर चालायचा, तो या बायकांवर चालत नव्हता. म्हणजे रक्त सारखं दिसलं तरी अभाव दोन वेगळे. ब12 पालकातही नाही आणि मुगातही नाही. ते दूध, दही, अंडी, मासे, मटण यांत मिळतं. नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वर येतं आणि सगळं ठीक वाटतं, पण ब12 अभावी नसांची हानी आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल, तर गोळी सुरू करण्याआधी ब12 तपासून घ्या.