फुफ्फुसाच्या कॅन्सरचा सीटी आणि पुढचा अंदाज: या चुका टाळा

मे महिन्यात अक्कलकोट रोडवरून एक मुलगा आईच्या फिल्म घेऊन आमच्या सीटी सेंटरवर आला. आई विडी वळणारी, सहा महिने केमो चालू. फिल्म गाडीच्या डिकीत राहिल्या होत्या. थर्मल फिल्म उष्णतेनं काळी पडते, आणि सोलापूरचं ऊन काय असतं ते सांगायला नको.

"सीडी कुठंय?"

"ती सोबत ठेवली नाही दादा. रिपोर्ट आहे की."

सगळ्यात मोठी चूक हीच. गाठीचं घनफळ, कडा, पोत हे सगळं कॉम्प्युटर सीडीतल्या डायकॉम फाइलवरून, म्हणजे स्कॅनच्या मूळ डिजिटल फाइलवरून मोजतो आणि त्यावरून आजार पुढं कसा जाईल याचा अंदाज, म्हणजे स्कोअर काढतो. फिल्मचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला तर त्यातून घनतेचे मूळ आकडे मिळत नाहीत. बार्शी, पुणे, मुंबई, कुठंही जा, पहिल्या स्कॅनपासूनच्या सगळ्या सीडी सोबत हव्यात.

आधीचा स्कॅन ५ मिमी जाडीच्या कापांचा आणि नवा १ मिमीचा असेल, तर मापात फरक पडतोच. १० मिमीची गोल गाठ १२.६ मिमी झाली की घनफळ दुप्पट होतं, म्हणजे अडीच मिमीची गफलतही महागात पडते. शक्यतो त्याच मशीनवर, त्याच पद्धतीनं स्कॅन करा. सीडीत पातळ काप मागून घ्या.

टीबी होऊन गेला असेल तर लपवू नका. जुने व्रण सॉफ्टवेअरला गाठीसारखे वाटू शकतात आणि टीबी अजून सक्रिय असेल तर पेट स्कॅनमध्येही (यात कॅन्सरची गाठ चमकून दिसते) चमकतो.

असा अंदाज काढणारं कॉम्प्युटर मॉडेल बनवायला इंजिनिअरिंगची मुलं प्रोजेक्टसाठी येतात, त्यांना एकच कळकळीनं सांगतो: एकाच पेशंटचे काप ट्रेनिंग (मॉडेलला शिकवायचे) आणि टेस्ट (मॉडेल तपासायचे) दोन्हीकडे टाकू नका. अचूकता खोटी फुगते. नुसत्या घनफळावरून येणाऱ्या अंदाजाशीही मॉडेल ताडून बघा. २०१४ मध्ये गाजलेली एक रेडिओमिक्स सही (स्कॅनमधून मोजलेल्या आकड्यांचा अंदाज सांगणारा संच) २०१९ मध्ये तपासली, तेव्हा ती बरीचशी गाठीचा आकारच सांगत होती असं निघालं.

आणि स्कोअर बघून उपचार सोडू नका. तो त्या गटातल्या अनेकांवरून काढलेला असतो. जनुक तपासणी, औषधाला मिळणारा प्रतिसाद, पेशंट किती हिंडतोफिरतो, हे डॉक्टरच जमेस धरतात.

त्या मुलानं संध्याकाळी जुनी सीडी कपाटातून शोधून आणली. ताज्या रिपोर्टमध्ये वरच्या भागात नवा डाग लिहिला होता. नवी गाठ म्हणजे आजार वाढला असं धरलं जातं. दोन्ही स्कॅन शेजारी लावले. डाग पहिल्या स्कॅनमध्येही तेवढाच होता, टीबीचा. डॉक्टरांनी केमो तीच चालू ठेवली.