उन्हाळ्यात फुलपाखरं आणि चतुर बघायला निघताय? या चुका टाळा

"दिवसभर रानात हिंडलो, पण दोन-चार पिवळ्या फुलपाखरांशिवाय काही दिसलं नाही." एप्रिल-मेमध्ये कोकणात जाऊन आलेल्यांकडून हे नेहमी ऐकतो आणि दर वेळी हळहळ वाटते. कारण त्याच दिवसांत, त्याच गावाच्या वहाळात, म्हणजे ओढ्यात, फुलपाखरांचे थवेच्या थवे बसलेले असतात.

गफलत होते ती फुलांच्या मागे लागल्यामुळे. पावसाळ्यानंतर फुललेल्या माळावर फुलपाखरं शोधायची सवय असते, पण उन्हाळ्यात तो माळ करपलेला असतो. आता जायचं ते आटत आलेल्या वहाळाच्या ओल्या वाळूवर. कॉमन ब्लूबॉटल, कॉमन जे, एमिग्रंट अशी फुलपाखरं तिथे सोंड टेकवून ओल शोषत असतात. यातले बहुतेक नर. त्यांना पाण्यापेक्षा त्यातले क्षार, विशेषतः सोडियम, हवे असतात. म्हणून ठणठणीत कोरडा ओढा नको आणि भरून वाहणारी नदीही नको. पाण्याची धार जिथे वाळूत जिरते, ऊन पडतं आणि गुरं पाण्यावर येतात, अशी जागा गावातल्या कुणालाही विचारा.

तिथे पोचल्यावर होणारी चूक मला जास्त सलते. थवा दिसला की लोक मोबाइल पुढे धरून सरळ चालत जातात. आपली सावली थव्यावर पडली की सगळा थवा उठतो. सूर्य समोर राहील आणि सावली मागे पडेल असं उभं राहा, चार-पाच हात अलीकडेच बसा, मग बसल्या बसल्या पुढे सरका. थवा उठलाच तर त्याच्या मागे धावू नका. दहा मिनिटं न हलता थांबलात तर बरीचशी परत त्याच ओलीवर उतरतात. त्या वाळूवर पाय देऊ नका आणि प्रवाहाच्या वरच्या बाजूला साबणाने हातपाय धुऊ नका. उन्हाळ्यात अशा ओल्या जागा मोजक्याच उरतात.

निघायला उशीर करणं हे फुलपाखरं न दिसण्याचं दुसरं कारण. सकाळी आठ ते अकरा ही फुलपाखरांची वेळ. ऊन तापलं की ती पानांच्या सावलीत जातात. मग माघारी फिरायचं का? मुळीच नाही. हीच वेळ चतुरांची, म्हणजे ड्रॅगनफ्लाय या कीटकांची! तळ्याकाठी भर उन्हात पोट आभाळाकडे उभं करून बसलेला चतुर दिसला तर तो जखमी आहे असं समजून त्याला हात लावू नका. अंगावर ऊन कमीत कमी पडावं म्हणून तो तसा बसतो. उडाला तरी बऱ्याचदा फिरून त्याच काडीवर येतो, म्हणून डोळे काडीवर ठेवा. मुलं बरोबर असतील तर शेपटीला दोरा बांधायचा जुना खेळ त्यांना शिकवू नका. ती शेपटी म्हणजे त्याचं पोट असतं.

चतुर आणि त्याच्यासारखाच दिसणारा टाचणी (डॅमसेलफ्लाय) हा कीटक यांत गोंधळ होत असेल तर बसल्यावर पंख बघा. चतुर ते आडवे पसरून ठेवतो, टाचणी बहुधा पाठीवर मिटून घेते.

फोटोवरून ओळख पटत नाही, ही तक्रारही बरेच जण करतात. नुसत्या वरच्या बाजूच्या फोटोवर भागत नाही. कॉमन जेझेबेल या फुलपाखराचंच बघा. वरून पांढरं, काळ्या शिरांचं. पंखांची खालची बाजू पाहिल्यावरच त्याला हळदीकुंकू का म्हणतात ते कळतं. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या.

आणि नीलवंत दिसला नाही म्हणून सहल फुकट गेली असं मानू नका. 2015 साली तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झाला तेव्हापासून प्रत्येकाला तोच हवा असतो, पण त्याचा खरा बहर पावसात आणि पावसानंतर. मे महिन्यात त्यापेक्षा काजूच्या बागेत सडलेल्या बोंडांपाशी आणि झाडाखाली फुटलेल्या फणसापाशी थांबा. फुलांकडे फारशी न फिरकणारी बॅरन आणि नवाब ही फुलपाखरं तिथे रसावर येतात.

संध्याकाळी गाडीत बसायची घाई करू नका. दिवसभर पाचोळ्यात सुकल्या पानासारखं पडून राहिलेलं कॉमन ईव्हनिंग ब्राऊन हे फुलपाखरू दिवेलागणीलाच उडायला लागतं.